आधी घर कुणाचं ते ठरवा, मग वाटणी विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुमचे वडील वारले. मागे आई, तुम्ही, एक भाऊ आणि आधीच गेलेल्या थोरल्या भावाची दोन लहान मुलं. गोव्यात साखळीला घर, डिचोलीला दुकान. दोन्ही आईवडिलांच्या लग्नानंतर घेतलेलं, दुकानासाठी आईनं बांगड्या मोडलेल्या. भावानं एका मौलानांना विचारलं. त्यांनी सांगितलं की आईला आठवा हिस्सा, उरलेल्यात भावाला दोन आणि तुम्हाला एक, थोरल्याच्या मुलांना काही नाही. काका म्हणतात, दुसऱ्या मौलानांच्या मते मुलांना काहीतरी द्यायला हवं. वकील तिसरंच सांगतात. आता भाऊ तुमच्याकडे हक्कसोडीची सही मागतोय आणि तुम्ही विचारताय, "खरी शरीयत कुठली, आणि मी कायद्यानं मिळेल तो वाटा घेतला तर गुनाहगार होईन का?"

मी फोंड्यात वकिली करते. वारसाहक्काची प्रकरणं हेच माझं रोजचं काम. फराइज, म्हणजे वाटणीचं शास्त्र, वकिलीच्या आधी घरच्या एका वडीलधाऱ्यांकडून शिकले. तेव्हा उत्तर दोन्ही बाजूंनी देता येईल. पण आधी एक सांगते: तुमचा प्रश्न तुमच्या वाट्याचा नाहीच. आकडे मांडले की दिसेल.

घर आणि दुकान मिळून चोवीस भाग धरा. मौलानांच्या हिशेबानं आईला ३, भावाला १४, तुम्हाला ७, आणि थोरल्याच्या मुलांना शून्य. आता गोव्याचा कायदा. लग्न गोव्यात नोंदवलं असेल आणि त्याआधी वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक. म्हणजे अर्धी आईचीच. वडिलांची फक्त उरलेली अर्धी. ती मुलांमध्ये सारखी वाटायची, मुलगा-मुलगी भेद नाही, आणि आधी गेलेल्या मुलाच्या जागी त्याची मुलं उभी राहतात. म्हणजे आईला १२, भावाला ४, तुम्हाला ४, भाचरांना मिळून ४.

पाहिलंत? कायद्यानं तुम्हाला सातऐवजी चार मिळतात. तुम्ही कायद्याकडे गेलात तर लोभानं गेलात असं कुणी म्हणूच शकत नाही. वाढतं ते आईचं आणि पोरक्या मुलांचं, आणि कमी होतं भावाचं, चौदावरून चार. हक्कसोडीची सही घेतली तर तुमचे सातही जातात आणि चारही. त्या सहीला कुठल्याही मजहबचा, म्हणजे इस्लामी कायद्याच्या कुठल्याही परंपरेचा, आधार नाही. मुलीचा वाटा कुराणात लिहिलेला आहे, तो काढून घ्यायचा अधिकार भावाला नाही आणि मौलानांनाही नाही. त्यांनी तसं सांगितलेलंही नाही.

मौलाना चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांना जे विचारलं त्याचं उत्तर त्यांनी बरोबर दिलं. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. काझीसारखी चौकशी करणं, साक्षी घेणं, कागद बघणं हे मुफ्तीचं, म्हणजे फतवा देणाऱ्याचं, काम नव्हे. त्यांच्यापुढे प्रश्न गेला असणार तो असा: एक माणूस वारला, मागे बायको, मुलगा, मुलगी आणि मेलेल्या मुलाची मुलं, वाटणी कशी? पण त्या माणसाचं स्वतःचं नेमकं काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. (फतवा कायद्यानं बंधनकारक नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. पण तुमची चिंता कोर्टाची नाही, मनाची आहे, म्हणून मी त्यावर थांबत नाही.)

आता "खरी शरीयत कुठली" याकडे येऊ. इथे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. शरीयत म्हणजे अल्लाहनं दाखवलेली वाट. फिकह म्हणजे ती वाट समजून घेण्याची माणसांची मेहनत. फिकहची उगमस्थानं सुन्नी परंपरेत चार धरतात: कुराण, पैगंबरांची सुन्नत म्हणजे त्यांच्या वागण्या-बोलण्याचा दाखला, विद्वानांचं एकमत म्हणजे इज्मा, आणि कियास म्हणजे ज्ञात हुकमावरून त्याच कारणाच्या नव्या गोष्टीचा हुकूम काढणं. ही चौकट नेटकी मांडली इमाम शाफई यांनी. ते इसवी ८२० मध्ये इजिप्तमध्ये वारले. इराकमध्ये असताना दिलेली काही मतं त्यांनी इजिप्तमध्ये गेल्यावर बदलली, आणि शाफई ग्रंथ ती आजही 'जुनं मत', 'नवं मत' अशी वेगवेगळी नोंदवतात. एवढ्या मोठ्या माणसाला आपलं मत बदलताना संकोच वाटला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

मतभेद कसा तयार होतो हे ग्रंथांपेक्षा स्वयंपाकघरात लवकर कळतं. माझं माहेर रत्नागिरीकडचं, शाफई. सासर बेळगावकडचं, हनफी. (सुन्नींचे मजहब चार: हनफी, मालिकी, शाफई, हंबली.) माहेरी कुर्ल्यांचं कालवण म्हणजे सणच. सासरी कुर्ली उंबऱ्याच्या आत येत नाही. आयत एकच, कुराणाच्या पाचव्या सुऱ्यातली, म्हणजे अध्यायातली: समुद्राची शिकार तुम्हाला हलाल आहे. शाफई म्हणतात, शब्द सरसकट आहे, त्याला आकुंचन कशाला? हनफी म्हणतात, इथे अभिप्रेत आहे ती मासळी, आणि कुर्ली मासळी नव्हे. सुंगटांबद्दल, म्हणजे कोळंबीबद्दल, तर हनफी विद्वानांतच दोन मतं, कारण सुंगट मासळीत मोडतं का यावरच वाद. कुणी आयत नाकारत नाही. शब्द किती रुंद घ्यायचा, एवढाच प्रश्न. तुमचं घराणं शाफई की हनफी हे ठाऊक नाही असं तुम्ही लिहिलंय. गोव्यात हे नेहमीचं आहे. कोकण आणि भटकळकडून आलेली घरं बहुतेक शाफई, घाटावरून आलेली बहुतेक हनफी, आणि सोयरिकी झाल्या की सगळं मिसळतं. आमच्या फोंड्याची साफा मशीद १५६० सालची, अली आदिलशहाच्या काळातली, आणि तो स्वतः शिया. आणि शियांची वाटणी आणखी वेगळी: त्यांच्या जाफरी फिकहमध्ये एकुलती मुलगी मागे राहिली तर चुलत्याला काही मिळत नाही. सुन्नी फिकहमध्ये तिच्या अर्ध्यानंतर उरलेलं त्याच्याकडे जाऊ शकतं.

वाटणीच्या बाबतीत या समजून घेण्याचं सर्वांत सुंदर उदाहरण खलिफा उमर यांच्या काळातलं आहे. एक बाई वारली. मागे नवरा, आई, एका आईची पण वेगळ्या बापाची भावंडं, आणि सख्खे भाऊ. कुराणात नवऱ्याला अर्धा, आईला सहावा, आणि आईकडच्या भावंडांना मिळून तिसरा हिस्सा ठरलेला. बेरीज करा, पूर्ण एक होते. सख्ख्या भावांना ठरलेला हिस्सा नसतो, त्यांना उरलेलं मिळतं. आणि इथे काहीच उरलं नाही. म्हणजे अर्धं नातं असलेल्यांना वाटा, पूर्ण नातं असलेले रिकाम्या हाती. उमर यांनी आधी तसाच निवाडा दिला. पुढे तसंच प्रकरण पुन्हा आलं तेव्हा सख्खे भाऊ म्हणाले, "आमचा बाप गाढव होता असं समजा, पण आमची आई तर एकच ना?" उमर यांनी त्यांना आईकडच्या भावंडांबरोबर त्या तिसऱ्या हिश्शात सामील करून घेतलं. कुणीतरी विचारलं, मागच्या वेळी तर वेगळा निवाडा दिला होता! ते म्हणाले, ते तेव्हाच्या निर्णयाप्रमाणे, हे आताच्या. पुढे मालिकी आणि शाफईंनी हा दुसरा निवाडा धरला, हनफी आणि हंबलींनी पहिला. आजही हे प्रकरण 'गाढवाचं प्रकरण' याच नावानं शिकवतात.

मला हे सांगताना दरवेळी भरून येतं. तिथे आयत बदलली नाही, आकडेही बदलले नाहीत. बदललं ते एवढंच, की ज्यांचा युक्तिवाद कुणी ऐकला नव्हता त्यांना बोलू दिलं, आणि न्यायाधीशानं ऐकलं.

पण याचा अर्थ सगळंच लवचीक आहे असा काढू नका. "एका पुरुषाला दोन स्त्रियांएवढा" हे चौथ्या सुऱ्यातल्या अकराव्या आयतीत स्पष्ट आहे. ते मी शब्द फिरवून तुम्हाला वेगळं सांगणार नाही. कुणी त्याची कारणं देतात, पुरुषावर खर्चाची जबाबदारी, मेहेर (लग्नात नवऱ्यानं बायकोला देणं लागणारी रक्कम), वगैरे. कुणी म्हणतात, ती जबाबदारी आज कोण पाळतो? दोन्ही म्हणण्यांत दम आहे. पण मजकूर स्पष्ट आहे हे आधी मान्य करूनच पुढे बोलायला हवं. त्याच आयतीत हेही स्पष्ट आहे की वाटणी होते ती वसीयत, म्हणजे मृत्युपत्रानं दिलेलं, आणि कर्ज यांच्या नंतर. दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत, मग उरलं ते वारसांचं. आईचा मेहेर द्यायचा राहिला असेल तर तेही कर्जच, आणि ते आधी फेडायचं.

इथेच तुमच्या प्रकरणाचा गाभा आहे. चोवीस भाग कशाचे करायचे? वडिलांच्या तरक्याचे, म्हणजे त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेचे. मग तरका केवढा? आईच्या बांगड्या दुकानात गेल्या. कडकातला कडक हनफी मुफ्तीसुद्धा हे मान्य करील की बांगड्या आईच्या मालकीच्या होत्या; त्या कर्ज म्हणून दिल्या असतील तर तेवढं कर्ज आहे, भागीदारी म्हणून दिल्या असतील तर तेवढी मालकी आहे, आणि आपखुशीनं भेट दिल्या असतील तरच त्या गेल्या. यातलं कुठलं, ते आईनं सांगायचं. भावानं मौलानांकडे जाण्याआधी आईला विचारलं होतं का?

त्यापुढचा मुद्दा सामाईक मालकीचा. पारंपरिक फिकहमध्ये नवराबायकोची मालमत्ता स्वतंत्र असते, लग्नानं भागीदारी होत नाही, आणि बरेच उलेमा म्हणतील की सरकारी नोंदणीनं मालकी हलत नाही. हे मत मी हलक्यात घेत नाही. माझं मत वेगळं आहे, आणि कारणंही फिकहमधलीच आहेत. "मुसलमान आपापल्या अटींना बांधील असतात" अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. ओट्टोमन काळातल्या मजल्ला या संहितेत कलमच आहे की रूढीनं जे ठाऊक आहे ते करारात घातलेल्या अटीसारखंच. गोव्यात लग्नाच्या सह्या करणाऱ्या माणसाला हे ठाऊक असतं की इथे अर्ध्यावर बायकोचा हक्क बसतो. नको असेल तर लग्नाआधी वेगळा करार करायची मुभा आहे. तो केला नाही आणि मग चाळीस वर्षांनी विधवेला आठवा हिस्सा दाखवायचा, हे मला करार पाळणं वाटत नाही. मोरोक्कोच्या डोंगराळ भागात मालिकी काझींनी बायकोच्या कष्टाचा वाटा शेताच्या उत्पन्नात धरल्याचे जुने निवाडे आहेत, तेही वाटणीच्या आधी. तेव्हा ही कल्पना पोर्तुगिजांनीच आणली असं नाही.

वडिलांचा तरका म्हणजे फक्त त्यांचा अर्धा भाग असं धरा आणि त्या अर्ध्याचे चोवीस भाग करा. मौलानांचा हिशेब: आई ३, भाऊ १४, तुम्ही ७. कोर्टाचा हिशेब: भाऊ ८, तुम्ही ८, भाचरं ८. तुमच्यातला फरक चोविसातला एक. तो मनाला टोचत असेल तर आईच्या हाती ठेवा. कडक हिशेबानं तिचेच तीन भाग इथे कमी पडलेत. गुनाहचा प्रश्न एवढ्यावर मिटतो.

राहिली मुलं. चारही सुन्नी मजहब एकमुखानं म्हणतात की मुलगा हयात असताना मेलेल्या मुलाची मुलं वारस होत नाहीत. भावाचं हे म्हणणं खरं आहे. पण वारस नाहीत म्हणून काहीच नाही, असं कुराण कुठेच म्हणत नाही. दुसऱ्या सुऱ्यातली १८०वी आयत मरणाऱ्यावर आईबाप आणि जवळच्या नातलगांसाठी वसीयत करण्याचं कर्तव्य घालते. बहुतेक विद्वानांच्या मते वारसाच्या आयती आल्यावर ही रद्द झाली. कॉर्डोव्ह्याचे इब्न हज्म, अकराव्या शतकातले, म्हणाले की ज्यांना वारसा मिळत नाही त्या नातलगांपुरती ती जिवंत आहे, आणि माणूस वसीयत न करता मेला तर त्याच्या मालातून ती पुरी करावी. जवळजवळ नऊशे वर्षं हे अल्पमत म्हणून पडून होतं. १९४६ मध्ये इजिप्तनं त्याच विचाराच्या आधारानं कायदा केला: पोरक्या नातवंडांना त्यांच्या बापाचा वाटा, पण एक-तृतीयांशाच्या आत. सीरिया, ट्युनिशिया, मोरोक्को मागून आले. पाकिस्ताननं १९६१ मध्ये वेगळ्या वाटेनं, थेट बापाच्या जागी उभं करून, तेच साधलं.

तुमच्या घराला इजिप्तचा नियम लावून पाहिला. थोरला भाऊ जिवंत असता तर त्याला एक-तृतीयांशाहून किंचित जास्त मिळालं असतं, म्हणून मर्यादा लागते आणि मुलांना नेमका एक-तृतीयांश मिळतो. चोविसातले आठ. गोव्याचं कोर्ट देतं तेवढेच. हा योगायोग तुमच्या घरातल्या माणसांच्या संख्येचा आहे, दुसऱ्या घरात असं जुळणार नाही. पण भावाला दाखवा. काकांच्या मौलानांना बहुधा चौथ्या सुऱ्यातली आठवी आयत अभिप्रेत असणार: वाटणीच्या वेळी नातलग, यतीम (पोरकी मुलं) आणि गरीब हजर असतील तर त्यांनाही त्यातून द्या आणि त्यांच्याशी भलेपणानं बोला.

कायद्याची बाजू भावापुढे मांडायला लागेल म्हणून तेवढंच. १९३७ चा शरीयत कायदा गोव्याला लागू झालेला नाही. १८६७ च्या पोर्तुगीज संहितेतला वारसाचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यात आला आहे आणि तो सर्व धर्मांच्या गोंयकारांना लागतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही गोव्याचाच वारसा नियम लावला. तेव्हा बेळगावला एखादा प्लॉट असेल तर तोही धरा. मात्र आईवडिलांचं लग्न कुठे झालं, नोंदणीच्या दोन्ही टप्प्यांवरच्या सह्या झाल्या होत्या का, वडिलांचा मूळ रहिवास कुठला, यावर वरचा सगळा हिशेब अवलंबून आहे. लग्नाचा दाखला काढल्याशिवाय मीही छातीठोक बोलणार नाही.

सहीबद्दल. माझ्याकडे एक प्रकरण आलं होतं, दोन बहिणी, दोघींनी "एक चौदावर (गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्यावर) नाव चढवायचंय" असं सांगितलेल्या कागदावर सह्या केल्या आणि ती हक्कसोड निघाली. फिकहमध्येसुद्धा वारसानं बाहेर पडणं, ज्याला तखारुज म्हणतात, ते ठाऊक असलेल्या वाट्याबद्दल ठरलेला मोबदला घेऊन, राजीखुशीनं होतं. लाजेनं किंवा दबावानं दिलेली सही देणगी होत नाही. आधी इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी ठरवायचं कोर्टाचं काम, होऊ दे, कुणाचं किती ते कागदावर येऊ दे. मग भावाला काही द्यावंसं वाटलं तर तुमच्या हातात असलेलं द्या. भाचरं अल्पवयीन आहेत, त्यांच्या वाट्याची सोड कोर्टाच्या परवानगीशिवाय त्यांची आईसुद्धा करू शकत नाही.

आणि मौलानांकडे पुन्हा जा, आईला बरोबर घेऊन. या वेळी प्रश्न आईनं असा विचारावा: बांगड्या माझ्या होत्या, मेहेर दिला होता की नाही ते हे, लग्नाचा दाखला हा, आता सांगा तरका किती आणि नातवंडांसाठी मी स्वतः काय करू शकते. शेवटच्या प्रश्नाला तर कुठलाच मजहब आड येत नाही. फिकहप्रमाणे नातवंडं आईचीही वारस होत नाहीत, म्हणूनच त्यांना तिच्या मालाच्या एक-तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते, आणि स्पेशल नोटरीकडे (गोव्यात मृत्युपत्रं नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) ती नोंदवली की गोव्याच्या कायद्यातही बसते. आईची तब्येत ठीक आहे तोवर हे करून घ्या.